काढलं कोणाला?

भांडण मेटॅलिकावरून झालं असं सांगितलं, तर नंदुरबारात कोणी खरं मानणार नाही. पण झालं मेटॅलिकावरूनच, तेही मामांच्या ओट्यावर. पहिला पाऊस पडून गेला होता, लगीनसराई उठली होती आणि बँडची गाडी ताडपत्रीखाली गेली होती.

मामा बँडवाले. 'बँड' हा शब्द मी पुण्याच्या कॉलेजात वेगळ्या अर्थानं शिकलो. मामांच्या घरात त्याचा अर्थ लाल कोट, सोनेरी झालर, पितळी भोंगे आणि वरात. पन्नास वर्षं त्यांनी क्लॅरोनेट वाजवलं. मेरठच्या जली कोठीतून आणलेलं ते वाद्य अजून त्यांच्या खाटेखाली पेटीत आहे. बँड आता मुलगा चालवतो आणि त्यात क्लॅरोनेट नाही. ट्रकवर बांधलेले स्पीकर, जनरेटर, दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, एक गाणारा, एक गाणारी. कीबोर्डवर नातू. त्या संध्याकाळी तो बोटं मोकळी करायला मोबाईलवरून उचललेली एक धून वाजवत बसला होता. 'नथिंग एल्स मॅटर्स'.

मी तोंड वाकडं केलं. मामांनी ते बरोबर टिपलं.

"काय झालं, भाचेराव? पोरगं चुकलं का?"

"पोरगं बरोबर वाजवतंय. पण याच गाण्यापासून ते लोक बिघडले."

"कोण लोक?"

"मेटॅलिका. अमेरिकेतला बँड आहे."

"किती माणसं?"

"चार."

"चार माणसांत वरात कशी निघते?" मामा म्हणाले आणि स्वतःच हसले. माझ्या खोलीतली लांब केसांची पोस्टरं त्यांनी पाहिलेली होती. "बरं, बिघडले म्हणजे काय? दारू?"

"दारू आधीपासून होती. धंदेवाईक झाले."

"धंदेवाईक!" मामांनी तो शब्द सुपारीसारखा तोंडात घोळवला. "मग सांगच."

मी सांगितलं. १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये जमलेली पोरं. आठ-आठ मिनिटांची गाणी, वाऱ्यासारखी लय, रेडिओवर कोणी लावणार नाही असा आवाज. टीव्हीसाठी चित्रफीत काढायची नाही हा हट्ट. पहिली काढली ती थेट १९८९ मध्ये. आणि मग १९९१. बॉब रॉक नावाचा नवा निर्माता आणला. हा गोड, चकचकीत आवाजाच्या बँडांची कामं करणारा माणूस. गाणी आखूड झाली, लय उतरली, एक प्रेमगीत आलं आणि त्याच्या मागे व्हायोलिनांचा ताफा. काळ्या वेष्टनातला तो अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून जास्त खपला. १९९६ साली 'लोड' आला, तेव्हा तर केसही कापून आले. मी त्या दिवशी त्यांना सोडलं.

मामा शांतपणे ऐकत होते. "आठ मिनिटांचं चार मिनिटांचं केलं, हा गुन्हा? 'सूरज'मधलं रफीचं ते लग्नाचं गाणं मी किती वरातींत अर्ध्यावर तोडलंय, मोजदाद नाही. नवरदेवाचा मेहुणा नोट नाचवत आला की तोडायचं. घोडीनं उचल खाल्ली की तोडायचं."

"तुमचं वेगळं, मामा. तुम्ही सुपारी घेता, फर्माईश वाजवता. त्यांनी स्वतःची गाणी केली होती. ज्यांना बाकी कोणी जवळ करत नव्हतं अशा पोरांसाठी केली होती. ऐकणाऱ्याशी त्यांचा करार होता."

"करार? बयाना किती दिला होतास तू?"

"एका कॅसेटचे पैसे."

"तेवढ्यात जन्मभराची सुपारी?" मामांनी तंबाखूची डबी उघडली. "एक सांग. नवा माणूस आला, रंग बदलला, तेव्हा काढलं कोणाला?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. रॉकवरच्या वादात 'विकले गेले का' एवढंच विचारतात. मी सांगितलं, कोणालाच काढलं नाही. आणि मग प्रामाणिकपणे पुढचंही सांगावं लागलं. त्यांचा बासवाला १९८६ साली स्वीडनमध्ये बस उलटून मेला. त्याच्या जागी नवा घेतला. १९८८ चा अल्बम, जो आम्ही कट्टर लोक पोथीसारखा जपतो, त्यात या नव्या पोराचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. इतका खाली दाबलाय. तो नीट ऐकू आला तो १९९१ मध्येच.

मामांनी हातातला चुना तसाच ठेवला. "म्हणजे तुझे लोक शुद्ध होते तेव्हा त्यांनी आपल्याच माणसाचा आवाज मारला. आणि बाजारात बसले तेव्हा तो ऐकू आला. असं?"

"असं म्हटलं तर..."

"म्हटलं तर काय, तूच म्हटलं."

मी हरणार असं दिसल्यावर माणूस करतो तेच केलं. परदेश सोडून घरचं उदाहरण काढलं. म्हटलं, मुंबईचं ऐका. रॉक मशीन. १९८४ साली उभा राहिलेला बँड. गाणारा उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. ते आणि आणखी दोन-चार बँड धोबी तलावच्या रंगभवनात वाजवायचे, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसायची. सुरुवातीला परदेशी बँडांचीच गाणी वाजवत...

"थांब. दुसऱ्याची गाणी?"

"हो."

"मग वरातवालेच की!"

"सुरुवातीला. पण पुढे त्यांनी ठरवलं की आपलीच गाणी वाजवायची. तेव्हा मुंबईच्या मंचावर हे धाडस होतं, लोक ओळखीचं गाणं मागायचे. १९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, १९९० मध्ये दुसरा. ती पहिली कॅसेट मी झिजवली."

"आणि मग बिघडले."

"तसं म्हणवत नाही मला. १९९३ मध्ये नावच बदललं. रॉक मशीनचं इंडस क्रीड झालं. आवाज निवळला, त्यात इथला रंग आला. तोवर केबल आली होती, एमटीव्ही आलं होतं, त्यांची गाणी सगळ्या आशियात दिसायला लागली. मला तेव्हा राग आला होता. वाटलं, टीव्हीसाठी इस्त्री करून घेतली."

"मग पैसा आला असेल."

इथे माझ्याच उदाहरणानं मला दगा दिला. कारण खरा पैसा तेव्हा दुसरीकडे होता. १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, दलेर मेहंदी आला. बाजाराला हिंदी-पंजाबी पॉप हवं होतं. इंडस क्रीडनं त्याच वर्षी अल्बम काढला आणि तो इंग्रजीतच. हिंदीकडे ते वळले नाहीत. १९९७ च्या सुमारास बँड थांबला. बेनेगल आणि दुसरा गिटारवाला जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे वेगळा बँड केला. मूळ बँड पुन्हा जुळला तो २०१० मध्ये, आणि २०१२ साली नवा अल्बम आला. मी ज्यांना धंदेवाईक म्हणून नावं ठेवली, त्यांनी धंद्याचा एकमेव उघडा दरवाजा घेतलाच नव्हता.

"म्हणजे ते तत्त्वापायी बंद पडले," मामा म्हणाले, "आणि आम्ही तत्त्व सोडून चालू राहिलो. आते काय सांगू भो तुले!"

एव्हाना नातवानं कीबोर्ड बंद करून कान इकडे लावला होता. त्याला पाहून मला पुढचं सुचलं. म्हटलं, मामा, तुमच्या बँडात कीबोर्ड आला तेव्हा तुम्ही स्वतःच आठ दिवस जेवला नव्हता, आई सांगायची. तिकडेही तसंच झालं. एडी व्हॅन हेलन म्हणजे गिटारचा बादशहा, पण १९८४ साली त्याच्या बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं, 'जम्प', उभं राहिलं सिंथेसायझरवर. अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं आणि गिटारवाल्यांनी कपाळाला हात लावला.

"कीबोर्ड वाजवला कोणी?"

"त्यानंच. एडीनं."

"मग कपाळाला हात कशाला? हात त्याचा, वाद्य बदललं. मी पण आधी सनई वाजवायचो, मग क्लॅरोनेट धरलं. माझ्या बापानं मला शिव्या दिल्या, हे विलायती लाकूड म्हणून." मामा आता रंगात आले. "मी जेवलो नाही ते कीबोर्ड आला म्हणून नाही. त्यातल्या बटणासाठी. बटण दाबलं की ढोल आपोआप. त्याला हात नाही, घाम नाही. ते पाप."

"तसंही आहे तिकडे. झीझी टॉप. टेक्सासचे, लांब दाढ्यांचे, तिघंच. जुने कसलेले गडी. १९८३ च्या अल्बममध्ये त्यांनी ड्रमचं बरंचसं काम यंत्रावर टाकलं. एक कोटीच्या वर प्रती गेल्या अमेरिकेतच."

"बघ! हे मी म्हणतो. ड्रमवाला समोर बसलाय आणि ताल मशीनचा. मग त्या बिचाऱ्याला..." मामा थांबले. "काढलं त्याला?"

"नाही. १९७० च्या आसपास जे तिघं एकत्र आले, तेच तिघं राहिले. २०२१ मध्ये बासवाला वारला, तोवर. पन्नास वर्षं तीच माणसं."

मामा काही बोलले नाहीत. चुना मळायला लागले, मळतच राहिले.

मामी चहा घेऊन आल्या होत्या आणि दारातच उभ्या होत्या. मामी तळोद्याकडच्या, बोलायला कमी. त्यांनी कप ठेवले आणि मामांना विचारलं, "आन् तुम्ही काय कयं?"

मग जे निघालं ते मला माहीत नव्हतं. मामांच्या बँडात मोठ्या भोंग्यावर, इफोनियमवर, एक माणूस होता. धून क्लॅरोनेट घ्यायचं, पण खालून धरून ठेवायचा तो. वरात लांब असली की लोकांना क्लॅरोनेट आठवतं, तो खालचा घूं-घूं आवाज कोणाला आठवत नाही. पण तो नसला तर वरात पोकळ वाटते. कीबोर्ड आला तसा खालचा स्वर त्याच्या डाव्या हातात आला. त्या हंगामाला मामांनी इफोनियमवाल्याला सांगावा धाडलाच नाही. 'नको येऊ' असंही म्हटलं नाही. नुसता सांगावा गेला नाही. पुढच्या वर्षी दोन ट्रम्पेट गेले. मग साइड ड्रम. सर्वांत शेवटी क्लॅरोनेट गेलं.

"तेव्हा मालक मीच होतो," मामा म्हणाले. "पोरानं नाही काढलं. स्वतःला मीच काढलं. हिशेबच तसा होता."

तो हिशेब त्यांनी मांडला आणि तो खोटा नाही. वीस माणसांचा बँड म्हणजे वीस पोशाख, वीस जेवणं, दोन जीपगाड्या. धडगावच्या घाटात चढून गेल्यावर ओठ सुकलेले, आणि वाजवायचं रात्रभर. इकडच्या आदिवासी लग्नात वऱ्हाड तासाभरात पांगत नाही. अख्खा पाडा रांगा धरून उजाडेपर्यंत नाचतो. त्याला तोंडानं फुंकणारा माणूस पुरत नाही, जनरेटर पुरतो. शिवाय नवापूरच्या पलीकडे गुजरात. तिथल्या सोनगड-व्याराच्या गाड्या टिमलीचा नाचरा ठेका घेऊन यायला लागल्या. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावर जी हद्द कोणाला अडवत नाही, ती ढोलाच्या ठेक्याला काय अडवणार? पोरांनी टिमली मागितली. पितळी बँडाला ती जमेना. मामांनी ट्रक घेतला.

आता माझी पाळी होती आणि मी ती सोडली नाही. "हिशेब मान्य. पण मामा, पूर्वी गिऱ्हाईक काय विचारायचं?"

"क्लॅरोनेटवर कोण आहे, हे विचारायचं."

"आणि आता?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. नातवानं दिलं. "बेस किती, टॉप किती."

"हेच मी म्हणतोय!" माझा आवाज चढला. "मेटॅलिकाचा राग मला पैशासाठी नाही. बाजाराला आवडेल तेच वाजवायचं ठरलं, की मग तू आणि शेजारचा यांत फरक राहत नाही. उरते ती मोजता येणारी गोष्ट. तिकडे प्रती, इकडे स्पीकर. शहाद्यात आज तीन गाड्या एका रस्त्यावर उभ्या केल्या, तर तिन्हींवर यूट्यूबवरचं तेच गाणं असतं. मग जिंकतो कोण? ज्याचे बेस जास्त. तुमच्या वेळी तुमच्यासारखं वाजवायचं तर तुमच्याएवढी वर्षं घालावी लागायची. ट्रक कर्जावर मिळतो."

"हे खरं," मामा म्हणाले. वादात मामांच्या तोंडून हे दोन शब्द मी फार थोड्या वेळा ऐकले आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

पण मामींचं झालं नव्हतं. चहाचे कप उचलता उचलता त्या जे बोलल्या, त्यानं आमचा दोघांचाही चहा कडू केला. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावच्या लग्नात ढोल आणि पावरी असायची. मग नंदुरबारचा लाल कोटवाला बँड आला. तो भपकेबाज होता, शहरचा होता. ज्याच्या घरी बँड त्याची लग्नात मान वर. दोन-चार वर्षांत ढोलवाल्यांना लग्नाचं बोलावणं येईना. "तव्हा तुमना बँडनी त्यासले काढं," मामी म्हणाल्या. आणि तो बँड वाजवायचा काय? मुंबईच्या सिनेमातली हिंदी गाणी, इंग्रजांच्या पलटणीच्या पोशाखात. आज ट्रकवर निदान अहिराणी ऐकू येते, भिली ऐकू येते. मामींच्या सुनेला गाण्यातला शब्द न शब्द कळतो.

मी याचा कधी विचार केला नव्हता. जुना तो अस्सल, नवा तो बाजारू, हा माझा सगळा डोलारा. आणि इथे जुना पितळी बँड हाच मुळात बाजारातून आलेला पाहुणा, आणि ज्या ट्रकला मी नाक मुरडतो तो मामींच्या बोलीत गातो. यूट्यूबनं अहिराणीला जे दिवस दाखवले, ते साहित्य संमेलनांनी दाखवले नसते, हे मलाही कबूल करावं लागेल.

तरी मी एकदा शेवटचा हात मारून पाहिला. म्हटलं, मामी, मग काठीच्या होळीत का नाही ट्रक लागत? अक्कलकुव्यातल्या काठीची राजवाडी होळी मी दोनदा पाहिली आहे. कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्या, डोक्यावर मोरपिसांचे टोप, आणि रात्रभर ढोल. हजारो माणसं त्या ढोलावर नाचतात. तिथं कोणी बेस-टॉप मोजत नाही.

"तिथं ढोलवाल्याला कोणी सुपारी देत नाही," मामा म्हणाले. "तो नवस असतो. नवसाला धंद्याची फूटपट्टी लावू नको. माझा बँड नवसाचा नव्हता, आणि तुझा तो मेटॅलिकाही नव्हता. कॅसेटवर किंमत छापलेली होती ना?"

होती.

"मग तुझं-माझं भांडण एवढंच. तू विचारतो, आवाज का बदलला. मी विचारतो, बदलताना काढलं कोणाला. तुझ्या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर असतं: काळ बदलला, लोकांना हवं होतं, पोट आहे. माझ्या प्रश्नाला नाव सांगावं लागतं."

मी विचारलं, इफोनियमवाला आता कुठे असतो. मामांनी गावाचं नाव सांगितलं. फार लांब नाही. भेटलात का कधी, हे मी विचारलं नाही. मामींनी विचारलं असतं, पण त्या आत गेल्या होत्या.

माझा मुद्दा मी सोडलेला नाही, हेही इथे नोंदवतो. कोणालाही न काढता, सगळी माणसं जागेवर ठेवून, सगळ्यांचे पगार वेळेवर देऊन बँड कंटाळवाणा होऊ शकतो. माणसं टिकली म्हणून गाणं टिकलं असं होत नाही. झीझी टॉपची ती तीन माणसं पन्नास वर्षं एकत्र राहिली, याचं मला कौतुक आहे. म्हणून त्यांचं सगळंच मी ऐकत नाही. ऐकणाऱ्यानं चार आणे टाकले असतील तरी त्याला कंटाळण्याचा हक्क आहे. मामा म्हणतात तो प्रश्न मालकाला विचारायचा. मी म्हणतो तो गाण्याला.

निघताना मामांनी खाटेखालची पेटी ओढली. वाजवून दाखवतील असं वाटलं, पण नाही. रीड वाळून चिरली होती. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली, म्हणाले, पुण्यात मिळते का बघ, अडीच नंबर. नातवानं विचारलं, दादा, हे कीबोर्डात आहे, 'क्लॅरिनेट' म्हणून बटण आहे, लावू का? मामांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं बटण लावलं नाही.

पुण्याला आलो आणि त्या रात्री 'लोड' पुन्हा लावला, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. बास स्वच्छ ऐकू येतो. दोन गाणी चांगली आहेत. बाकीच्यांबद्दल माझं १९९६ सालचं मत कायम आहे.